गुटीतला थेंब

यवतमाळ,
बुधवार, २० डिसेंबर १९६१

चि. देवराव यास सत्यशीलाचा जय भीम.

तुझं पोरगं ठीक आहे. चांगलं खणखणीत आहे. मी त्याला मांडीवर घेतलं तर माझ्या लुगड्यावर शू केली आणि वर हसला. नलू ठीक आहे. माय तर इतकी ठीक आहे की तिचा आवाज पांढरकवड्याच्या मोटारस्टँडपर्यंत गेला असेल. हे सगळं आधी लिहिते आहे, कारण या पाकिटात एक जुनं पत्रही घातलंय आणि ते आधी वाचलंस तर तू तिथे भिलाईला कारखान्यातच मटकन खाली बसशील.

ते पत्र मी गेल्या शुक्रवारी लिहिलं आणि टाकलं नाही. तू तिथे इतक्या लांब, वाचून करणार काय? नुसता तडफडला असतास. फाडून चुलीत घालणार होते. पण आता सगळं निभावलंय तर वाटतं, पोराच्या बापाला कळू दे काय काय झालं ते. तेवढा तरी जीव तुझाही खाली-वर होऊ दे, माझा एकटीचाच का?

आता खाली बस आणि शुक्रवारचं पत्र वाच. त्याच्यामागे पुढची हकिकत जोडली आहे.


यवतमाळ,
शुक्रवार, १५ डिसेंबर १९६१

चि. देवराव,

सहज लिहायला बसले आहे. इकडे थंडी बरी पडली आहे. तुझे भाऊजी दिवसभर भट्टीपुढे उभे, त्यांना काय कळणार थंडी! नाताळ जवळ आला म्हणून मिशनमधल्या बायकांनी केक सांगितलेत. बेकरीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या चाचांनी, यंदा केकचं सगळं काम माझ्यावर टाकलंय. दिवाळीला तर विचारू नकोस. लोक आपापलं तूप, मैदा, साखर डब्यात घालून आणतात आणि आमच्या भट्टीतून नानकटाई भाजून नेतात. काही जण मला पाहिलं की चाचांना बाजूला घेऊन म्हणायचे, हिचा हात लावू देऊ नका. चाचा मान डोलवायचे आणि मीच मळायची. खाताना लोक वास कशाचा ते विचारतात, हात कोणाचा ते विसरतात.

नलूचं पत्र येतं का? बाळाबद्दल काय लिहिते? फार झोपतो का? दूध नीट ओढतो का, ओकत वगैरे नाही ना? सहज विचारते आहे.

नाही देवराव. सहज नाही विचारत. खरं ते सांगते.

तुला मुलगा झाला हे मला एसटीच्या धनसिंग कंडक्टरानं सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलला आणि सख्ख्या आत्याला ते मोटारीच्या पायरीवरून कळलं! मी तिथेच स्टँडवर रडले. तुला जानेवारीत सुट्टी मिळाली की बारसं करायचं, हेही त्यानंच सांगितलं. मला बोलावणं येणार नाही हे मला माहीत होतं. पाच वर्षं झाली. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि देव्हाऱ्यातले टाक आपण दोघांनी नेऊन नदीत सोडले. टोपली तुझ्या डोक्यावर होती आणि शिव्या मात्र माझ्या एकटीच्या वाट्याला आल्या. मायनं 'कोणं नेले?' म्हणून विचारलं तेव्हा तू बैलाला पाणी पाजायला गेलास तो दिवेलागणीलाच परत आलास. बैल होता की हत्ती?

नेले ते बरोबरच केलं, हे मी आजही म्हणते. आता मायही म्हणते. दर रविवारी वंदनेला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. तिचा राग देवांसाठी नाहीच. ते टाक तिच्या मायनं तिला दिले होते आणि आपण तिला विचारलं नाही, हा तिचा राग आहे. पण रागाच्या भरात 'माया उंबऱ्यावर पाय ठेवू नको' म्हणून बसली, आणि आपली माय एकदा बोललेलं परत गिळत नाही.

म्हणून मी मनाशी म्हटलं, बारशाला मी नाही तर नाही, माझ्या नानकटाईचा वास तरी घरात असू दे. केकमध्ये, नानकटाईत घालायला आमच्याकडे बदामाचा अर्क येतो. लहानशी तपकिरी बाटली, वर दोन बदामांचं चित्र. मी तसली एक बाटली धनसिंगजवळ दिली. त्याला चांगलं बजावलं, ही नलूला द्या आणि सांगा, बारशाची नानकटाई करशील तेव्हा शेरभर मैद्याला एकच थेंब घाल, नाहीतर कडू होईल. पितळी डब्याला खालून निखारे, वरून झाकणावर निखारे, की भट्टी नसली तरी होते. हो हो म्हणाला. घेऊन गेला.

आज तो भेटला. म्हणाला, "बाई, मायनं निरोप काही देल्ला नाही, पन बाटली ठेवून घेतली."

देवराव, मला इतका आनंद झाला की काय सांगू! पाच वर्षांत माझ्या हातची पहिली वस्तू मायनं घरात घेतली. मी त्याला तिथेच चहा पाजला. चहा पिता पिता तो म्हणाला, "लई खूश हाये म्हातारी. रोज सकाळी लेकराच्या गुटीत एक थेंब देते. म्हने, बदाम घासाचं काम वाचलं."

मी कपबशी खाली ठेवली.

"तुम्ही नानकटाईचं सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कायची नानकटाई? स्टँडवर मायच भेटली, अन् गाडी सुटून राह्यली होती बाई. म्या म्हनलं, सत्यशीलाबाईनं बदामाचं धाडलं हाये, अन् निंघालो."

त्याला काय बोलू? आणि मायला तरी काय बोलू? तिला वाचता येत नाही, पण चित्रातला बदाम ओळखू येतो. बाळगुटीत वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सगळ्यांच्याच घरी उगाळतात. बदाम ज्याची ऐपत त्यानं घालावा. आपल्याला ती म्हणायची ना, तुम्हाले बदाम भेटला नाही म्हून तुम्ही असे निंघाले. आता नातवासाठी दारात बदाम चालून आला. ती गुटीत नाही घालणार तर कशात घालणार?

मी तशीच बेकरीत धावत गेले. चाचा म्हणाले, "बेटी, इसमें तो स्पिरिट है. अपन बड़े लोग नहीं चाटते, बच्चे को कौन देता है?" मग दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाई माझ्यावरच ओरडल्या. "दोन महिन्यांच्या बाळाला? रोज? आधी बंद करा आणि बाळाला घेऊन या."

उद्या पहिल्या मोटारीनं निघते आहे. मायनं आत येऊ दिलं नाही तर अंगणात उभी राहून बोंब मारीन. पण बाळाला काही झालंच असेल, तर मला मायचं घर संपलं रे. आणि या वेळी ती खरी असेल. नऊ वर्षांनी आलेलं लेकरू, आणि आत्यानं बाटली पाठवली.

हे पत्र टाकू की नको?

नाही टाकत.


यवतमाळ,
बुधवार, पुढे चालू

वाचलंस? पाणी पी. आता पुढचं सांगते.

शनिवारी पहिल्या मोटारीत बसले. तुझे भाऊजी येतो म्हणत होते, पण मिशनचे केक भट्टीत होते आणि मला वाटलं, मायच्या शिव्या खायला दोन माणसं कशाला? धनसिंगच कंडक्टर होता. त्यानं वाटभर माझ्याकडे पाहिलं नाही. पांढरकवड्याच्या अलीकडे कापूस भरलेल्या बैलबंड्यांची ही लांब रांग. सगळा कापूस बाजाराला निघालेला, मोटार जागची हलेना. ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढायला लागला. मी पिशवी उचलली आणि चालत सुटले. बंडीवाले विचारत होते, "कुठं चालली वो बाई एवढ्या घाईनं?" मी काय सांगू, लेकराला मारून बसले की काय ते पाहायला चालले?

केळापूरच्या वाटेला लागले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. म्हणजे बाळाची आंघोळ, धुरी होऊन गुटीची वेळ. मी धावायला लागले. या वयात, लुगडं हातात धरून. रानातल्या बाया कापूस वेचायच्या थांबून बघत राहिल्या.

आपल्या अंगणात माय पाय लांब करून बसलेली. तुझं पोरगं तिच्या पायांवर उताणं, तेलानं चमकणारं. शेजारी सहाण, वाटी आणि ती बाटली. चमचा तिच्या हातात, अगदी त्याच्या तोंडाशी.

"माय, थांब!" मी गल्लीतूनच ओरडले.

चमचा थांबला. मी जाऊन आधी वाटी उलटी केली आणि मग बाटली उचलली.

मायनं माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "पाच वर्सानं आली, अन् आल्या आल्या लेकराच्या तोंडातलं हिसकून राह्यली?"

दम लागला होता आणि रडूही आलं होतं. मी बाळाकडे पाहत होते. त्याचे गाल बघ, देवराव, गोल गोल. डोळे टकटकीत. मुठी आवळून माझ्याकडे असा पाहत होता की जणू मीच त्याच्या वाटणीचं खायला आलेय. आजारी लेकरू असं दिसत नाही. पण मनाला कोण समजावणार?

तेवढ्यात घरातून नलू आली. तिनं माझ्या हातातली बाटली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, पाय धुवाले चाला," म्हणाली आणि माझा हात धरून जवळजवळ ओढतच मागच्या रांजणाकडे घेऊन गेली. तिथे हळूच म्हणाली,

"बाई, भेऊ नका. त्यात पानी हाये."

"काय?"

"नुसतं पानी. पह्यल्या दिवशीच म्या बदललं. लेकराच्या गुटीत जानार म्हून म्या बोटावर घेऊन जिभेले लावलं, तं हा चटका बसला! दारूचा वास मले कळते बाई. माया बापाच्या तोंडाले रोज येत होता. आपुन पंचशील घेतलं, अन् लेकराच्या तोंडात पह्यली दारूच घालाची काय? म्या ते दुसऱ्या शिशीत काढून ठेवलं अन् यात पानी भरलं. बुचाले वास राह्यला, म्हून मायले समजलं नाही."

मी रांजणाला टेकून खालीच बसले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. हसू आणि रडू एकदमच आलं. नलू घाबरून माझ्या तोंडावर पदर धरत होती की आवाज बाहेर जाऊ नये. मी तिला विचारलं, "मंग मायले काहून नाही सांगतलं?"

ती म्हणाली, "सांगतलं असतं तं माय म्हनली असती, पोरीनं आधी देव बुडवले अन् आता नातवाले दारू धाडली. मंग तुमचं येनं जलमभर बंदच झालं असतं. तुम्ही असं काही मुद्दाम धाडसान असं मले वाटलं नाही बाई. म्हनलं, काही तरी चुकलं असंन."

देवराव, या बाईनं मला तिच्या लग्नात आणि पुढे चारदोन वर्षं पाहिलं तेवढंच. तिनं तुझं पोरही वाचवलं आणि माझं माहेरही. तुला बायको मिळाली आहे, ती तुझ्या लायकीपेक्षा बरीच वरची आहे, हे ध्यानात ठेव.

तिचं म्हणणं, आता मायला काही सांगू नका, झाकली मूठ राहू द्या. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण एकदा मायला न विचारता केलं त्याची पाच वर्षं भोगली मी. म्हटलं आता नाही. अंगणात गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बाटली कशाची, निरोप काय दिला होता, धनसिंग काय बोलला, नलूनं काय केलं.

मायनं हात पुढे केला. मग बाटली मागितली. तळहातावर थोडं ओतलं, वास घेतला, चाटलं.

"पानीच हाये," म्हणाली.

मग नलूकडे पाहिलं. नलू भिंतीला चिकटली होती. मी म्हटलं आता आभाळ कोसळणार. माय म्हणाली, "अन् जमनाच्या नातवाचा खोकला?"

"कोणता खोकला?" मी विचारलं.

मग कळलं. बाळ बाळसं धरायला लागलं तशी मायनं गल्लीभर सांगितलं की आपल्या घरी बदामाचा अर्क आहे. जमनाबाई नातवाला घेऊन यायची, आणखी दोघीतिघी यायच्या, आणि माय एकेकीला एकेक थेंब मोजून द्यायची. जमनाबाईच्या नातवाचा खोकला त्यानं गेला म्हणे. एका लेकराला झोप लागायला लागली म्हणे.

"खोकला आपल्या मनानं गेला, माय," नलू भीत भीत म्हणाली.

"म्हंजे म्या अख्ख्या गल्लीले रांजनातलं पानी पाजून राह्यली?" माय म्हणाली आणि हसायला लागली. तू तिला असं हसताना पाहिलंयस का? मी नाही पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पायांवरचं पोरगं हलायला लागलं आणि तेही हसायला लागलं. आम्ही तिघी हसत होतो. पलीकडून जमनाबाईनं विचारलं, काय झालं वो, तर मायनं हातानंच 'काही नाही' म्हणून सांगितलं आणि आम्हाला दटावलं, "तिले बोलसान तं पाहा. माया शब्दाची किंमत हाये गल्लीत."

मग मला म्हणाली, "आता उन्हात उभी राहून लोकाईले काय दाखवून राह्यली? जेवाले चाल."

मी आत गेले. ताटात भाकर, तुरीची दाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी भाकर हातात घेऊन बघतच बसले तर माय म्हणाली, "काहून, भट्टीतलं खाऊन खाऊन भाकर विसरली काय?"

तीन दिवस राहिले. सोमवारी बाळाला पांढरकवड्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि म्हणाले, याला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, तेच ऐकायचं होतं.

माय आणखी एक बोलली. ते आज लिहीत नाही. लिहायला बसले की डोळे भरतात आणि शाई पसरते. नंतर लिहीन.

तुझी,
सत्यशीला


केळापूर,
९ जानेवारी १९६२

चि. देवराव,

तुझं चार पानी पत्र यवतमाळला आलं होतं, तुझ्या भाऊजींनी धनसिंगबरोबर इकडे पाठवलं. पहिलं पान सगळं मला रागे भरण्यात गेलंय. ठीक आहे, तो तुझा हक्क. दुसऱ्या पानावर नलूला काही बोलू नका म्हणून मायला विनंती केलीस. वेडा आहेस. माय हल्ली नलूनं चाखल्याशिवाय काही तोंडात घालत नाही, आणि ते गल्लीत मोठ्या अभिमानानं सांगते.

मी बारशाच्या तयारीला आले आहे. मला बोलावणं आलं नाही. मी धनसिंगला विचारलं तर तो म्हणाला, मायनं सांगितलं, ती काय पावनी हाये काय, बलावनं कायले पाह्यजे? म्हणून आले. नलूला तूप फेसायला शिकवलं. परातीत तळहातानं फेसत राहायचं, पांढरं शुभ्र होईपर्यंत. तिचा हात चांगला आहे. पहिला घाणा खालून करपला. वरचे निखारे कमी, खालचे जास्त. दुसरा बरा झाला. मायनं एक खाल्ली आणि म्हणाली, तोंडात ठेवली की इरघळते, दातबीत काही लागत नाही, म्हाताऱ्याइच्या कामाची हाये. ही तिची शाबासकी. अंगणभर बदामाचा वास सुटलाय आणि जमनाबाई दोनदा चक्कर मारून गेली.

तुझ्या पत्रात शेवटी तू विचारलंयस की मायचा माझ्यावरचा राग खरंच गेला का, की बारशापुरता गिळलाय. मागच्या पत्रात जे लिहायचं ठेवलं होतं ते आता लिहिते. तुझं उत्तर त्यात आहे.

त्या वेळी तीन दिवस राहिले ना, तर निघायच्या दिवशी सकाळी माय गुटी उगाळत होती. मी पांढरकवड्याहून चार खरे बदाम आणले होते, त्यातला एक तिच्या हातात होता. बाळ माझ्या मांडीवर. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माय, पाच वर्सं तुले मायं नाव चाललं नाही. मंग मी धाडलेलं न इचारता लेकराच्या तोंडात कसं घातलं? नलूनं चाखलं. तुले चाखून पाहासं नाही वाटलं?"

तिनं मान वर केली नाही. बदाम उगाळत राहिली.

"दुसऱ्या कोणाचं असतं तं चाखलं असतं," ती म्हणाली. "तुयं होतं."

सत्यशीला